आत्याची चाल

सोमवार, ता. ९, दुपार

प्रिय आत्या,

नमस्कार झाला असं समज. मधल्या सुट्टीत शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधून लिहितेय, त्यामुळे शुद्धलेखनाला नावं ठेवू नकोस. माझा फोन आईने कपाटात कोंडलाय. परवा फिजिक्सची चाचणी आहे आणि फोन हा फिजिक्सचा शत्रू आहे, असं तिचं संशोधन आहे. म्हणून ही ई-मेल. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात दोन शिकवण्यांच्या मधे तू कॉम्प्युटरवर पत्ते खेळतेस हे मला माहीत आहे, तेव्हा 'बघितलीच नाही' ही सबब चालणार नाही.

आठवडा कसा आहे ते ऐक. बुधवारी फिजिक्स. गुरुवारी भाषेची तोंडी परीक्षा. रोज सकाळी क्रीडादिनाच्या संचलनाची तालीम, ज्यात मी पुढच्या मुलीच्या टाचेवर पाय देण्याचं काम चोख करते. आणि शुक्रवारी अ‍ॅनिमेशनचं काम द्यायचंय. पहिल्या तिन्हींबद्दल मला काहीही वाटत नाही. चौथ्याने मात्र पोटात गोळा आलाय, आणि गंमत म्हणजे कामही गोळ्याचंच आहे.

सरांनी आम्हाला एक गोळा दिलाय. त्याला धड नाही, हात नाहीत, तोंड नाही, खाली नुसते दोन पाय. त्याला कॉम्प्युटरवर चालवायचं. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. हा आकडा सर इतक्या वेळा म्हणतात की त्यांचं नावच 'चोवीस' पडलंय. माझा गोळा चालत नाही. फरशीवर कुणीतरी साबण सांडल्यासारखा घसरतो. चोवीस सरांनी बघितलं आणि म्हणाले, याला वजनच नाहीये. मग सगळ्यांनाच सांगितलं की नुसतं चालणं करू नका, कुणाचं तरी चालणं करा. असा माणूस घ्या जो गर्दीत पाठमोरा दिसला तरी तुम्ही ओळखाल.

मी क्षणभरही विचार केला नाही. तू.

बाबा म्हणतो, तू कुठेही शिरलीस की लोक आपोआप कागदपत्रं काढून दाखवायला लागतात. आधी हनुवटी येते, मग खांदे, मग उरलेली तू. मला तेच हवंय.

तर ऑफिसातल्या कुणालातरी सांगून स्वतःचा व्हिडिओ काढून घे. बाजूने, पाय नीट दिसले पाहिजेत. आवारात इकडून तिकडे जा आणि परत ये, बस. हे महत्त्वाचं आहे, आत्या. शुक्रवारच्या कामावरून ठरणार की पुढच्या सत्रात अ‍ॅनिमेशनच्या वर्गात कोण राहणार. मशीन कमी आणि मुलं जास्त. जे गळतील ते जास्तीच्या गणिताला. मला जास्तीचं गणित नको. आहे तेवढंच पुष्कळ आहे.

तुझी,
भिंगरी


सोमवार, ता. ९, संध्याकाळ

भिंगरे,

पहिली गोष्ट, मी पत्ते खेळत नाही, मी हरते. त्यात फरक आहे.

दुसरी गोष्ट, माझी चाल वापरायची असेल तर माझ्या वकिलाशी बोल. मला वकील नाही, म्हणजे विषय संपला.

आणि खरंच या आठवड्यात जमण्यासारखं नाही. आवारात गाड्या अशा लावल्यात की मांजरालासुद्धा तिरकं जावं लागतं. माझे चांगले बूट दुरुस्तीला गेलेत. शिवाय माझ्याकडे सध्या एक दंतवैद्य शिकायला येतो. दिवसभर लोकांना 'घाबरू नका, काही होत नाही' म्हणतो आणि चौक आला की स्वतः डोळे मिटून घेतो. मी विचारलं, डॉक्टर, दात काढतानाही मिटता का. तर म्हणाला, कधीकधी. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो म्हणून बरं, नाहीतर हे पत्र तुला मिळालंच नसतं.

तू दादाची चाल घे की. तुझा बाप चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधत फिरतो. ती चाल मी गर्दीत काय, अंधारातही ओळखेन. घरातच आहे, आयती आहे, बूटही लागत नाहीत.

वहिनीला सांग, फोन कोंडून काही होत नाही. तू मोकळी आहेस तोवर फिजिक्सला धोका आहेच.

आत्या


मंगळवार, ता. १०, दुपार

प्रिय आत्या,

बाबाचा प्रयोग झाला. सांगते.

काल संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी तुझी मेल वाचली, तिथूनच तिचा जुना कॅमेरा आणला आणि बाबाला म्हटलं, दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जा. जन्मभर हा माणूस तिथून तिथे जात आला आहे. पण कॅमेरा बघितल्याबरोबर त्याला चालणं म्हणजे काय हेच आठवेना. आधी हात खिशात घातले, मग काढले, मग एकच घातला. निघाला तो उजवा पाय आणि उजवा हात एकदम पुढे टाकत. आई म्हणाली, अहो, चोरी करून पळताय का. तर तो थांबला, मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. स्वयंपाकघरात पोचल्यावर मला म्हणाला, बरं झालं का?

तेच गोळ्याला लावलं. आता माझा गोळा संशयित आरोपी दिसतो. वर्ग हसून हसून आडवा झाला. चोवीस सर एवढंच म्हणाले की घसरणं कमी झालंय. त्यांच्या तोंडून हे कौतुकच, पण मला संशयित नको, मला तू हवीस.

आणि तुझी उत्तरं मला नीट पटलेली नाहीत. तुझे चांगले बूट? तुझ्याकडे एकच जोड आहे आणि तो मी बघितलाय, त्याला चांगलं म्हणणारी तू पहिलीच. मागे भर लग्नात तू चपलेचा तुटलेला पट्टा सुतळीने बांधून सगळीकडे हिंडलीस. लाजतेस का काय? तुला लाज आहे ही बातमी घरात कळली तर बाबा पेढे वाटेल.

नाही पाठवलास तर मी आईची चाल घेईन आणि तिला सांगेन की कल्पना तुझी होती.

उद्या फिजिक्स आहे. अजून पुस्तक उघडलेलं नाही. हे आईला सांगायचं नाही.

भिंगरी


मंगळवार, ता. १०, संध्याकाळ

घे तुझा व्हिडिओ आणि गप्प बस. आमच्या हिशेबनीस बाईंनी काढलाय. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे मी हलतेय की जमीन हलतेय ते तुझं तू ठरव. वारा होता आणि चपला सैल होत्या. जे काही वेडंवाकडं दिसेल ते त्या दोघांचं समजायचं.

दादाला दाखवू नकोस. तो कपड्यांवरून बोलेल.

पुस्तक उघड.

आत्या


बुधवार, ता. ११, दुपार

प्रिय आत्या,

सकाळी फिजिक्स झालं. झालं म्हणजे वेळ संपला. शेवटचा प्रश्न असा होता की गाडी अमुक वेगाने जातेय, समोर अडथळा दिसतो, ब्रेक दाबला जायला एवढा वेळ लागतो, तर गाडी कुठे जाऊन थांबेल. मी सूत्र लिहिलं, त्याच्याकडे बघत बसले आणि शेवटी एक छान रेघ ओढून त्याला निरोप दिला.

मग लॅबमध्ये येऊन तुझा व्हिडिओ लावला. पहिल्यांदा बघून इतका आनंद झाला की शेजारच्या मुलीला ओढून दाखवला. हनुवटी होती, खांदे होते. मग एकेक चित्र पुढे सरकवत तुझे पाय गोळ्याला लावायला घेतले. आमचं काम असंच असतं. पाय कधी टेकला, अंग त्याच्यावर कधी आलं, कधी सुटलं, हे मांडत जायचं. डावा पाय टेकतो आणि तू सगळीच्या सगळी निवांत त्याच्यावर येतेस. उजवा टेकतो आणि लगेच उचलला जातो, तव्याचा चटका बसल्यासारखा. मला वाटलं माझंच चुकलं. पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच.

सरांना बोलावलं आणि म्हटलं, गोळा लंगडतोय, काय बिघडलंय बघा. त्यांनी गोळा बघितला, मग तुझा व्हिडिओ बघितला, मग परत पहिल्यापासून बघितला. म्हणाले, "तुझं काही चुकलेलं नाही. या बाईंचा पाय दुखतोय. बराच. आणि त्यांना तो कुणाला दाखवायचा नाहीये."

मी म्हटलं, वारा होता.  त्यांनी व्हिडिओ शेवटाकडे नेऊन थांबवला. परत येताना तू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवतेस ना, ते मला आवडलं होतं. वाटलं गाडीचे लाड करतेय. पण लाड करताना कोपर एवढं ताठ नसतं. तू तिथे टेकली आहेस.

मग एकेक आठवायला लागलं. सुट्टीत तू आली नाहीस, म्हणालीस कामं आहेत. कामं आहेत म्हणून तू आजवर कुठे जायची राहिली आहेस? त्याआधी महिनाभर तू व्हिडिओवर बोललीच नाहीस, कॅमेरा बिघडलाय म्हणालीस. काल 'वारा होता' म्हणालीस, आणि व्हिडिओत तुझ्या मागच्या झाडाचं पानसुद्धा हलत नाहीये.

सकाळी तो प्रश्न मला नुसता आकडा वाटला होता. आता वाटत नाही. उत्तर मला अजूनही येत नाही, पण प्रश्न कळला.

आत्या, तू ब्रेक कोणत्या पायाने दाबतेस?

भिंगरी


बुधवार, ता. ११, संध्याकाळ

भिंगरे,

तुला गोळा चालवायला सांगितलाय, मला नाही. चार दिवस कॉम्प्युटरसमोर बसून कुणी हाडांचा डॉक्टर होत नाही. तुझ्या त्या सरांनाही सांग की अनोळखी बायकांचे पाय बघून निदान करू नये, लोक दुसराच अर्थ घेतील.

मी गेली कित्येक वर्षं गाड्या थांबवते आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून.

तो व्हिडिओ पुसून टाक.

आत्या


गुरुवार, ता. १२, दुपार

प्रिय आत्या,

पुसला नाही. रागाव.

तोंडी परीक्षेत मला 'माझा आदर्श' यावर बोलायला सांगितलं. मी तुझ्यावर बोलणार होते, पण काल संध्याकाळी मैत्रिणीकडे तुझी मेल वाचली होती, म्हणून एका शास्त्रज्ञावर बोलले. त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, तरी बरे गुण मिळाले.

बाबाला मी काही सांगितलेलं नाही. पण काल जेवताना त्याने आपणहून तुझा विषय काढला. म्हणाला, बेबी हल्ली फोनवर एकाच जागेवरून बोलते. पूर्वी बोलता बोलता तिचा आवाज घरभर फिरायचा, मधेच दार आपटायचं, भांडं पडायचं. आता नुसता आवाज येतो. आई म्हणाली, वय झालं, शांत झाल्या असतील. बाबा म्हणाला, "बेबी? शांत?" आणि जेवायचा थांबला. मी म्हटलं, मजेत आहे ती, आणि भराभर पाणी प्यायले. 

त्याला तू सांग. शनिवारपर्यंत नाही सांगितलंस तर मी सांगेन. ही धमकी नाही. धमकी देताना माणसाला मजा येते, मला येत नाहीये.

आता कामाचं. माझ्याकडे दोन गोळे तयार आहेत, एक बाबाचा आणि एक तुझा. तुझा गोळा चालायला लागला की मला बघवत नाही आणि नजरही हटत नाही. त्याला वजन आहे. पहिल्यांदाच मी केलेलं काहीतरी जमिनीवर उभं राहिलंय. पण तो पाय तुझा आहे. तुला न विचारता तो मी सगळ्यांसमोर लावणार नाही. उद्या दुपारपर्यंत हो किंवा नाही कळव. नुसतं 'मर' लिहिलंस तरी चालेल, त्यातून काय समजायचं ते मी समजेन.

भिंगरी


शुक्रवार, ता. १३, शाळा सुटल्यावर

आत्या,

तू 'मर'सुद्धा लिहिलं नाहीस.

मी बाबाचा गोळा दिला. चोवीस सरांनी विचारलं, दुसरा कुठे आहे. मी म्हटलं, तो ज्यांचा आहे त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे गेले. यादी सोमवारी लागेल. माझं नाव नसणार हे मला ठाऊक आहे, तू त्याचं काही मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे घेतलंस तरी हरकत नाही.

मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसातून तुमच्याकडे फोन केला. कुणीतरी म्हणालं, मॅडम गाडीवर नाहीत, आणि ठेवून दिला. तू गाडीवर नाहीस म्हणजे काय? तू नेहमी गाडीवर असतेस.

मी जे काही लिहिलं ते आगाऊपणाचं होतं. पण चुकीचं नव्हतं. दोन्ही एकदम असू शकतं ना?

एक ओळ लिही.

भिंगरी


शनिवार, ता. १४, सकाळ

भिंगरे,

जिवंत आहे. बस, आणि नीट वाच, मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

सुट्टी लागायच्या आधी आमच्या मालकांनी एक फलक करून आणला. त्यावर लिहिलं होतं, 'सावध राहा, सुरक्षित राहा'. तो दारावर लावायला मी खुर्चीवर चढले. खुर्ची चाकांची होती. पुढचं तू कॉम्प्युटरवर करून बघ, चोवीस चित्रंसुद्धा लागणार नाहीत.

घोट्याचं हाड मोडलं. मालकांना सांगितलं मुरगळलाय, आणि रजा घेतली. प्लास्टर घातलं होतं, पण आत इतकी खाज सुटायची की मुदतीच्या बऱ्याच आधी मीच ते पाव कापायच्या सुरीने कापून काढलं. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं, गेले नाही. गेले असते तर ते ओरडले असते, आणि ओरडणं हे माझं काम आहे. हाड थोडं तिरकं जुळलं आणि पायातला जोर गेला. मी म्हटलं येईल हळूहळू. कामावर परत आले.

दादाला का नाही सांगितलं? तो आला असता, मला उचलून तुमच्याकडे घेऊन गेला असता, आणि मी तुमच्या बाहेरच्या खोलीत वहिनीच्या सूचना ऐकत म्हातारी झाले असते. हे एक कारण. दुसरं असं की गाडीवर नसले तर मी कोण, हे मला ठाऊक नाही. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

बुधवारी तुझी मेल वाचून मी इतकी चिडले की हिशेबनीस बाई घाबरून घरी गेल्या. चिडले, कारण तू विचारलेलं मी स्वतःला विचारत नव्हते. गुरुवारी सकाळी दंतवैद्याला घेऊन निघाले. तुला खोटं पाडायचं होतं, म्हणून नेहमीचा सोपा रस्ता सोडून त्याला मोठ्या चौकात नेलं. चौकात एक सायकलवाला आडवा येऊन आमच्या पुढे वळला. दंतवैद्याने डोळे मिटले. मी ब्रेककडे पाय नेला. पाय गेला, भिंगरे, पण दाबला गेला नाही. घोट्यातून जी कळ आली तिने पाय तिथेच लुळा पडला. समोर त्या माणसाची पाठ दिसत होती. त्याचा शर्ट निळा होता, बाह्या दुमडलेल्या होत्या. अजून दिसतो.

गाडी थांबली. सायकलच्या मागच्या चाकाला टेकली आणि थांबली. सायकलवाला कडेच्या गवतावर आडवा झाला, उठला, आम्हा दोघांना मनसोक्त शिव्या देऊन निघून गेला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. मी दंतवैद्याकडे बघितलं. त्याचे डोळे सताड उघडे होते आणि त्याचा पाय त्याच्या ब्रेकवर होता. त्याने दाबला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चौकात डोळे उघडले होते. तो मला म्हणाला, "मॅडम, मी थांबवली. तुम्ही मुद्दाम नाही दाबलात ना? मला शिकवायला?"

मी म्हटलं, हो.

मग मला उतरता येईना.  तो बिचारा मला पाणी देत होता आणि आनंदाने हसत होता. मी पाणी प्यायले आणि त्याला खरं सांगितलं. त्याचं हसू गेलं. पण गाडी त्यानेच परत आणली, हळूहळू, एकाही चौकात डोळे न मिटता. आल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. मालक रागाने लाल झाले. बरोबर होतं त्यांचं. म्हणाले, पाय नीट झाल्याचं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, तोवर वर्गात बसून नवीन लोकांना रस्त्याच्या खुणा शिकवा. मी, आणि फळ्यावर 'पुढे वळण आहे'.

काल दिवसभर हाडांच्या डॉक्टरांकडे होते, म्हणून उत्तर नाही. ते ओरडले. बऱ्यापैकी ओरडले, पण आवाज पोटातून येत नाही.

रात्रीची वाट न बघता तिथूनच दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलंन, कुठल्या सुरीने? बाकी काही नाही. उद्या तुम्ही सगळे येताय. वहिनी डबे घेऊन येणार आहे, आणि तिच्या मनातली भाषणंही. मी कुठेही राहायला येणार नाही, हे तुझ्या बापाला गाडीतच सांगून ठेव.

तुझी शुक्रवारची मेल आत्ता वाचली. माझ्या एका शब्दासाठी तू चांगला गोळा ठेवून दिलास. मूर्ख आहेस. हो, लावायचा तिथे लाव. लंगडू दे मला सगळ्यांसमोर. उशीर झाला असेल तर तोही माझ्याच नावावर टाक.

आणि आगाऊपणा आणि बरोबर असणं एकदम असू शकतं. माझं सगळं आयुष्य त्यावर चाललंय.

आत्या


मंगळवार, ता. १७, दुपार

प्रिय आत्या,

रविवारी तुझ्याकडे एवढी माणसं होती की बोलणं झालंच नाही. आईचं भाषण मी मोजत नव्हते, पण मधे दोनदा चहा झाला.

तू दार उघडायला आलीस तेव्हा सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. मी पायाकडे बघत होते, सवय लागलीय. बाबाही पायाकडेच बघत होता.  घरी येऊन फाटकाशी गाडी लावल्यावर म्हणाला, मला आधीच जायला हवं होतं. मग आईने त्याला फाटकाचं कुलूप कुठे आहे विचारलं आणि ते त्याच्या हातातच होतं.

आता यादी. माझं नाव आहे. शेवटचं आहे, पण आहे. बाबाच्या गोळ्यावर मिळालं. सरांनी तो सगळ्यांसमोर लावला तेव्हा मी बाकाखाली जायच्या बेतात होते. ते म्हणाले, हा माणूस रोज चालतो, पण आज त्याच्याकडे कुणीतरी बघतंय आणि त्या बघणाऱ्याला आपलं चालणं आवडावं अशी त्याची फार इच्छा आहे. हे सगळं दोन पायांत दिसतंय. मी पुन्हा बघितलं. खरंच दिसत होतं. मी त्याला आठवडाभर चोर समजत होते.

मग मी तुझाही दाखवला, तू हो म्हटलंस म्हणून. कुणी हसलं नाही. एका मुलाने विचारलं, पुढे काय होतं, पडतो का? मी म्हटलं, नाही, फळ्यावर खुणा शिकवतो.

फिजिक्सचा निकालही लागला. त्याचं वर्णन करण्यासारखं नाही, आकडा एकच आहे. फेरपरीक्षा आहे. आईने फोनची मुदत वाढवली, म्हणून अजून मेलच.

एक गोष्ट राहिली. काल मला तुझी पूर्वीची चाल करायची होती, पण शोध शोध शोधली तर कुठेच नाही. लग्नांच्या व्हिडिओत तू सगळीकडे जेवतेस. बाबाला विचारलं, आत्या कशी चालायची? तो उठला. कॅमेरा समोर होता, तरी एकदासुद्धा बघितलं नाही त्याने त्याच्याकडे. हनुवटी पुढे काढली, खांदे ताणले आणि दिवाणखान्यातून असा गेला की आई भिंतीला चिकटली. वळला आणि तसाच परत आला. आत्या, ती तूच होतीस. टक्कल असलेली तू. आई हसता हसता खाली बसली आणि मग डोळे पुसायला लागली, हसण्याचेच असतील.

तो गोळा सोबत जोडलाय.

भिंगरी


रविवार, ता. २६, पुढचा महिना

भिंगरे,

उत्तराला उशीर झाला. पहिले काही दिवस गोळा बघवला नाही. नंतर रोज बघितला. माझ्या पायाचे व्यायाम घेणाऱ्या बाईला दाखवला. ती जेमतेम तुझ्यापेक्षा थोडी मोठी आहे, आवाज मात्र फौजदाराचा. म्हणाली, चाल छान आहे, पण आपल्याला एवढी घाई नाही. मला 'आपल्याला' म्हणते. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी हरले. टाच आधी, मग चवडा, मग वजन. आरशासमोर, बाजूला बार धरून. हे तुझ्या सरांचंच सगळं आहे, फक्त इथे दुखतं.

पाय पूर्वीसारखा होणार नाही म्हणे. चालेन, लंगडेन थोडी, जिना सावकाश. गाडीवर कधी जाईन ते डॉक्टर सांगत नाहीत. आधी मला याचा संताप यायचा. अजूनही येतो, पण आता वर्गात काढते. माझ्या वर्गातले सगळे खुणांच्या परीक्षेत पास झाले. भीतीने झाले, असं मालक म्हणतात.

काल सकाळी मी पहिल्यांदा काठी न घेता ऑफिससमोरचा रस्ता ओलांडला. माणसांसाठीचा दिवा हिरवा होता. मध्यावर आले आणि तो लाल झाला. मी काय करणार, पाय पळत नाही. गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एकाने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला, लांबलचक. मी थांबले आणि त्या गाडीच्या खिडकीपाशी गेले. काच खाली आली. ओळखीचं तोंड होतं, गेल्याच वर्षी मी त्याला शिकवून बाहेर काढलं होतं. मला बघून तो सीटमध्ये इतका खाली गेला की नुसतं कपाळ दिसत होतं.

मी विचारलं, रस्त्यावर माणूस असेल तर काय करायचं शिकवलं होतं मी?

तो म्हणाला, थांबायचं.

म्हटलं, आणि?

म्हणाला, माणूस पलीकडे जाईपर्यंत थांबायचं, मॅडम.

म्हटलं, मग थांब. आणि निघाले. टाच आधी, मग चवडा, मग वजन. मागे रांग बरीच लांब झाली होती, पण पुन्हा कुणी हॉर्न वाजवला नाही. थोडं भरभर जाता आलं असतं मला. गेले नाही.

आत्या